बावीस इंचांची झडप

लोणंदच्या कांदा बाजारात ‘घट’ हा रोजचा शब्द आहे. चाळीत भरलेला कांदा महिन्यागणिक किती सुकणार, किती सडणार याचा अंदाज शेतकरी आणि व्यापारी दोघेही आधीच बांधून ठेवतात, आणि भावाची बोलणी त्याच हिशोबाने होतात. कांद्याला तो शब्द शोभतो. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या कागदपत्रांत मेलेल्या, जायबंदी झालेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांसाठी जो शब्द सर्रास वापरला जात होता, त्याचा अर्थही नेमका हाच होतो. बॉम्बफेकी विमाने रात्री निघत, पहाटे परत येत, न आलेली मोजली जात आणि शेकडा किती घट झाली ते लिहिले जाई. घट सोसण्याजोगी असली की पुढच्या रात्रीची तयारी सुरू होई. या लेखाचे म्हणणे त्या शब्दाविरुद्ध आहे. घट ही निसर्गाची गोष्ट, तिला कुणी जबाबदार नसतो. विमानदळाच्या माणसांचे मरण मात्र पुष्कळ अंशी आधीच ठरलेले होते, आणि ते आकाशात ठरले नव्हते. विमानाचा आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर, कारखान्यात आणि मुख्यालयाच्या बैठकीत ते ठरले होते. कोणाला बाहेर पडायला वाट ठेवायची आणि कोणाला नाही, हा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो.

सातारा-सांगलीच्या वाचकाला युद्धातल्या मरणाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. अपशिंगे मिलिटरी या एका गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. लोणंद स्टेशनवरून जाणारा लोहमार्ग एका टोकाला पुण्याला लागतो आणि दुसरीकडे मिरजेवरून मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावला. या वाटेने पिढ्यान्पिढ्या पोरे भरतीला गेली. त्यामुळे आपल्या मनातले युद्ध हे पायदळाचे युद्ध असते: खंदक, संगीन, शेजारी पडलेला गाववाला, आणि त्याची हकीकत घरी येऊन सांगणारा दुसरा गाववाला. विमानातल्या मरणाला असा साक्षीदार क्वचितच लाभतो. सात जणांचे विमान काळोखात पेटले आणि कोसळले, की काय घडले ते सांगायला बहुधा कोणीच उरत नाही. हे साक्षीदार नसणेच पुढच्या सगळ्या चुकांचे मूळ आहे, असे मला वाटते.

आधी आकडे पाहू, कारण या विषयात आकड्यांनीच सर्वांत जास्त दिशाभूल केली. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये युद्धभरात सुमारे १,२५,००० विमानसैनिकांनी काम केले. हे सगळे स्वेच्छेने आलेले होते. त्यांतले ५५,५७३ मेले, म्हणजे शेकडा ४४. युद्धकैदी झालेले आणि जखमी यांत धरलेले नाहीत. या मेलेल्यांतले पाच हजारांहून अधिक तर शत्रूचे तोंडही न पाहता, शिकाऊपणीच अपघातांत गेले. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमाने पाठवली गेली. त्यांतली ९५ परत आली नाहीत. मात्र न्यूरेंबर्गसारखी रात्र ही अपवाद होती. सर्वसाधारण रात्री शेकडा ४ विमाने जात, आणि ४ हा आकडा बैठकीत बसलेल्या माणसाला फारसा टोचत नाही. शंभरांतली ९६ परत आली, एवढेच त्याला दिसते. पण एका विमानदळाला, म्हणजे एका विमानातल्या माणसांच्या जथ्याला, एकदा जाऊन भागत नव्हते. ३० फेऱ्या पुऱ्या केल्यावरच त्याला विश्रांती मिळे. दर फेरीला शेकडा ४ गेले, तर शंभर विमानदळांपैकी दहा फेऱ्यांनंतर ६६ उरतात, वीस फेऱ्यांनंतर ४४, आणि तीस पुऱ्या होताना २९. चक्रवाढ व्याज सावकाराच्या वहीत ज्या रीतीने चढते, त्याच रीतीने इथे माणसे उतरत जातात. रोजचा आकडा लहान दिसतो म्हणून तो सोसवेल असे वाटते, आणि ज्याच्यावर तो तीसदा लादला जातो त्याच्या बाजूने हिशोब कोणी मांडतच नाही. ज्याने तो स्वतःशी मांडला आणि पुढच्या फेरीला नकार दिला, त्याच्या नावापुढे ‘मनोधैर्य नाही’ अशा अर्थाचा शेरा पडत असे.

आता त्या विमानाच्या आत शिरून पाहू. लँकेस्टर हे चार इंजिनांचे ब्रिटिश विमान त्या काळातले सर्वांत नावाजलेले. आत सात माणसे: वैमानिक, इंजिनांवर लक्ष ठेवणारा, दिशा काढणारा नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला, पाठीवरच्या घुमटातला तोफची आणि शेपटीतला तोफची. विमानाच्या मधून एक जाडजूड आडवी तुळई जाते. पंखांना जोडणारी ही तुळई कमरेइतकी उंच, आणि लोकरी-कातडी कपड्यांचे थर चढवलेल्या माणसाला ती ओलांडणे जमिनीवर उभ्या विमानातही जड जाते. बाहेर पडण्याची मुख्य वाट नाकाच्या तळाशी, एका झडपेतून. ती झडप २२ इंच रुंद आणि साडेसव्वीस इंच लांब होती. छातीला पॅराशूटचे गाठोडे बांधलेल्या माणसाने, विमान गिरक्या घेत खाली चालले असताना, काळोखात चाचपडत तिच्यापर्यंत पोहोचायचे आणि त्या चौकटीतून स्वतःला ढकलायचे. शेपटीतल्या तोफचीचे तर आणखी अवघड. त्याच्या काचेच्या घुमटात पॅराशूट मावतच नसे. ते मागे, विमानाच्या धडात अडकवलेले असे. विमान पेटले की त्याने घुमट सरळ करायचा, पाठीमागची दारे उघडायची, हात घालून पॅराशूट काढायचे, छातीला अडकवायचे, घुमट पुन्हा आडवा फिरवायचा आणि पाठीवर बाहेर पडायचे. यांतले प्रत्येक काम हातमोजे घातलेल्या, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी. हे सगळे करायला काही सेकंद मिळत. घुमटाला फिरवणारा दाबच नाहीसा झाला असेल तर तेही नाही.

या वाटेने किती जण सुटत होते, हे कोणीतरी मोजायला हवे होते, आणि एका विशीच्याही आतल्या तरुणाने ते मोजले. फ्रीमन डायसन, जो पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला, १९४३ मध्ये वयाच्या १९ व्या वर्षी बॉम्बर कमांडच्या ऑपरेशनल रिसर्च विभागात दाखल झाला. तिथल्या मोजणीत दिसले ते असे: अमेरिकन बॉम्बर पडले तर त्यातली निम्मी माणसे जिवंत सुटत. ब्रिटिश हॅलिफॅक्स पडले तर शेकडा २५. लँकेस्टर पडले तर शेकडा १५, म्हणजे सातांतला एक. अमेरिकन विमाने दिवसाउजेडी उडत, त्यामुळे त्यांच्याशी तुलना अन्यायाची होईल, हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करून ती तुलना बाजूला ठेवू. पण हॅलिफॅक्स आणि लँकेस्टर ही दोन्ही ब्रिटिश, दोन्ही चार इंजिनांची, दोन्हींत सात माणसे, दोन्ही एकाच रात्री एकाच शहरावर जाणारी. त्यांच्यातला हा फरक कशाने पडला? हॅलिफॅक्सची झडप दोन इंचांनी रुंद होती. विमानाच्या आतली रचनाही थोडी मोकळी होती. डायसनच्याच विभागातला त्याचा सहकारी माइक ओलॉफलिन ती झडप मोठी करावी म्हणून खटपट करत राहिला. पत्रे, बैठका, नकार, पुन्हा पत्रे. मोठ्या झडपेला मान्यता मिळून ती विमानांत बसू लागेपर्यंत युद्ध जवळपास संपले होते आणि तोवर हजारो माणसे बावीस इंचांच्या चौकटीशी झगडून गेलेली होती. याच विभागातून आणखी एक सूचना निघाली होती: रात्रीच्या काळोखात तोफांचा फारसा उपयोग होत नाही, तेव्हा घुमट आणि तोफा काढून टाका, विमान हलके होऊन वेगाने पळेल आणि पडलेच तर दोन माणसे तरी कमी मरतील. तीही ऐकली गेली नाही. तोफचीच्या हाती तोफ असली की त्याला आणि त्याच्या साथीदारांना धीर येतो, असे उत्तर होते. त्या धीराचे मोल होते हे मी नाकारत नाही. पण सात माणसांना धीर देण्यासाठी दोघांना शेपटीत आणि पाठीवर बसवायचे, हा सौदा त्या दोघांना नीट समजावून सांगितला गेला नव्हता.

इथे कोणी विचारेल की इतकी उघड गोष्ट अनुभवी अधिकाऱ्यांच्या ध्यानात कशी आली नाही. ते निर्दय होते असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे उत्तर नाही. खरे उत्तर अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने दिले. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात युद्धकाळात काम करताना त्याच्यापुढे प्रश्न आला की गोळ्यांनी चाळण होऊन परत आलेल्या विमानांना जादा पोलादी पत्रा कुठे बसवावा. सहज सुचते ते उत्तर म्हणजे जिथे भोके जास्त तिथे. वाल्डने दाखवले की ही भोके परत आलेल्या विमानांवरची आहेत. तिथे गोळी लागूनही विमान परत येऊ शकते, एवढेच ती सांगतात. पत्रा हवा तो जिथे भोके दिसत नाहीत तिथे, कारण तिथे गोळी लागलेली विमाने दाखवायला परत आलीच नाहीत. हा मनुष्य डिसेंबर १९५० मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आला असता निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून पत्नीसह गेला. त्याचा विचार झडपेलाही तंतोतंत लागू पडतो. झडप अरुंद आहे, अशी तक्रार करायला ज्यांना तोंड असायला हवे होते ते परत आले नव्हते. परत आलेल्याने ती झडप कधी वापरलीच नव्हती.

लंडनच्या हवाईदल संग्रहालयात आर५८६८ क्रमांकाचे एक लँकेस्टर उभे आहे. शंभराहून अधिक फेऱ्या करून ते सुखरूप राहिले. त्याच्या नॅव्हिगेटरच्या टेबलाशी बसलेल्यांत शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे आपले नाव आहे. बॉम्बर कमांडमध्ये त्यांनी ४५ फेऱ्या केल्या, त्यांतल्या १४ याच विमानातून, आणि त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले. शेकडा ४ च्या हिशोबाने ४५ फेऱ्या करून जिवंत राहण्याची शक्यता सहांत एक इतकीही भरत नाही. त्यांच्या हिमतीबद्दल आणि कामातल्या कसबाबद्दल मनात आदरच आहे. तरीही संग्रहालयात उभे राहून ते विमान पाहणाऱ्याने लक्षात ठेवावे की एकूण ७,३७७ लँकेस्टर बांधली गेली आणि त्यांतली जवळपास निम्मी युद्धात गेली. जे गेले ते संग्रहालयात ठेवता येत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. लोणंदहून रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आत लोहगावचा विमानतळ आहे. १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी तो उभारला गेला, महायुद्धात तिथे बॉम्बफेकी विमाने राहिली, आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलाच्या बॉम्बर स्क्वाड्रनचे ते एक मोठे घर झाले. अमेरिकन सैन्याने जाताना कानपूरला मोडीत टाकलेली लिबरेटर विमाने आपल्या कारागिरांनी पुन्हा उडती केली आणि त्यांच्यावरच आपले पहिले बॉम्बर स्क्वाड्रन उभे राहिले. मग १९५७ पासून कॅनबेरा आले. दोन जेट इंजिनांचे, त्या काळच्या मानाने अतिशय वेगवान आणि उंच उडणारे हे ब्रिटिश विमान भारताने साठहून अधिक संख्येने घेतले. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर गेली. काही मिनिटांत त्यांनी ६३,००० पौंड बॉम्ब धावपट्टीवर टाकले आणि हुकूम होता त्याप्रमाणे विमानतळाच्या इमारतींना धक्का लावला नाही. नकाशावर लोहगाव ते दाबोळी सरळ रेघ ओढली तर ती जावळी आणि पाटणच्या डोंगरांवरून जाते. गोव्यात त्यांना अडवायला ना लढाऊ विमाने होती ना जोरदार तोफा. गेलेली सगळी विमाने परत आली. त्याच महिन्यात काँगोमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने गेलेल्या आपल्या कॅनबेरांनी कोल्वेझीच्या धावपट्टीवर विरोधकांची विमाने नष्ट केली. या दोन मोहिमांनी कॅनबेराचे नाव झाले, आणि ते योग्यच होते. पण वाल्डचा धडा इथेही लागू होतो. परत आलेल्या विमानांनी एक प्रश्न विचारलाच नव्हता.

तो प्रश्न नॅव्हिगेटरच्या बैठकीचा होता. भारताने घेतलेल्या कॅनबेरांपैकी बहुतेक बी(आय)५८ प्रकारची होती आणि त्यांत दोनच माणसे बसत. वैमानिक वर, डाव्या बाजूला, काचेच्या टोपाखाली. त्याच्याखाली इजेक्शन सीट, म्हणजे कळ ओढताच दारूच्या स्फोटाने माणसाला आसनासकट आकाशात फेकणारी खुर्ची. नॅव्हिगेटर त्याच्या पुढे आणि खाली, विमानाच्या नाकात. तिथे नकाशाचे टेबल, आणि बॉम्ब टाकायच्या वेळी पालथे पडून काचेतून जमीन पाहायची गादी. नॅव्हिगेटरला इजेक्शन सीट नव्हती. विमान सोडायची वेळ आली तर त्याने पॅराशूट छातीला लावायचे, वळायचे, उजव्या अंगाच्या प्रवेशदारापर्यंत सरकत यायचे, ते उघडायचे आणि उडी टाकायची. सरळ, शांत उडणाऱ्या विमानात हे जमण्यासारखे होते. गिरकी घेत पडणाऱ्या विमानात माणूस बसल्या जागी दाबला जातो, हात उचलणेही कठीण होते. कॅनबेराच्या आधीच्या साध्या बॉम्बर प्रकारात तिघांनाही इजेक्शन सीट होत्या. म्हणजे ती बसवता येत नव्हती असे नाही. या प्रकारात विमानाचे नाक नव्याने रचताना वैमानिकाची सीट राहिली आणि नॅव्हिगेटरची गेली. एकाच विमानात, हाताच्या अंतरावर बसलेल्या दोन माणसांच्या जगण्याची शक्यता तेव्हाच वेगवेगळी लिहिली गेली.

१९६५ च्या सप्टेंबरमध्ये हा लेखी फरक रक्तात उतरला. पाकिस्तानकडे बी-५७ होते, म्हणजे कॅनबेराचेच अमेरिकेत बांधलेले भावंड. अमेरिकनांनी मात्र दोघांना एकामागोमाग एकाच टोपाखाली बसवले आणि दोघांनाही इजेक्शन सीट दिल्या. १४ सप्टेंबरला आदमपूरवर आलेले एक बी-५७ आपल्या विमानविरोधी तोफांनी पाडले. त्यातले दोघेही बाहेर पडले आणि जिवंत कैद झाले. आठवड्याने, २१ सप्टेंबरच्या रात्री, सरगोध्यावर हल्ला करून परतणाऱ्या एका भारतीय कॅनबेराला पाकिस्तानच्या एफ-१०४ लढाऊ विमानाने क्षेपणास्त्राने टिपले. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट एम. एम. लोव यांनी कळ ओढली, ते वाचले आणि युद्धकैदी झाले. नॅव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर के. के. कपूर विमानाबरोबर गेले. दोन घटनांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. त्या रात्री क्षेपणास्त्राच्या स्फोटातच कपूर गेले असतील, तर खुर्चीही त्यांना वाचवू शकली नसती. माझा मुद्दा तेवढा मोठा नाही, पण तो पक्का आहे: लोव यांना एक संधी मिळाली, कपूर यांना ती मिळणार नव्हती, आणि हे विमान कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवसापासून ठरलेले होते. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या विमानाने ती संधी दोघांना दिली होती.

याला अभियंत्याचे एक उत्तर आहे आणि ते गंभीरपणे ऐकायला हवे. बी(आय)५८ हा प्रकार जमिनीलगत उडून मारा करण्यासाठी योजला होता. त्या काळातल्या इजेक्शन सीटना नीट काम करायला बरीच उंची लागत असे. मग जिथे उपयोग नाही तिथे वजन, जागा आणि पैसा का घालवायचा? शिवाय बॉम्ब टाकायला पालथे पडावे लागते, आणि पालथ्या माणसाला कोणती खुर्ची बाहेर फेकणार? हे युक्तिवाद बरोबर आहेत, पण अर्धेच. उंची कमी पडते म्हणून खुर्ची निरुपयोगी असती, तर ती वैमानिकालाही दिली नसती. त्याला दिली, कारण प्रत्येक अपघात जमिनीलगत होत नाही, हे आराखडा काढणाऱ्यांना ठाऊक होते. २१ सप्टेंबरला कॅनबेरा उंचावरून परतत असतानाच टिपले गेले. लँकेस्टरच्या बाजूनेही असेच उत्तर दिले जाते: ते हॅलिफॅक्सपेक्षा जास्त बॉम्ब नेई आणि हॅलिफॅक्सपेक्षा कमी वेळा पडे, तेव्हा एकंदरीत ते माणसांच्या हिताचेच होते, आणि युद्ध ऐन भरात असताना कारखाना थांबवून झडपा बदलणे परवडत नव्हते. विमान चांगले होते, हे खरेच आहे. पण चांगल्या विमानाची झडप दोन-चार इंचांनी वाढवली तर ते वाईट होत नाही. आणि कारखान्यात त्याच काळात इंजिने बदलली, रडार बसवले, अवजड बॉम्बांसाठी पोटाची दारे नव्याने केली. बॉम्ब नेण्यासाठी होणारा बदल परवडत होता. माणूस बाहेर काढण्यासाठीचा बदल रांगेत मागे उभा होता. परवडणे म्हणजे काय, हे कोण ठरवते त्यावर अवलंबून असते.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. या माणसांनी शहरांवर आग ओतली. हॅम्बर्गमध्ये जुलै १९४३ मध्ये चाळीस हजारांच्या आसपास लोक गेले, ड्रेस्डेनमध्ये फेब्रुवारी १९४५ मध्ये सुमारे २५ हजार. त्यांत बायका, पोरे, म्हातारे होते. खाली जळणाऱ्यांना कुठली झडप होती, असे कोणी विचारले तर मान खाली घालावी लागते, आणि विशाखापट्टणम, कोलकाता, रंगून इथे आपल्या माणसांनीही वरून पडलेले बॉम्ब सोसले असल्याने तो प्रश्न आपल्याला परका नाही. पण वरच्यांचे मरण मोजल्याने खालच्यांचे मरण हलके होत नाही. उलट दोन्हींच्या मुळाशी एकच हिशोब सापडतो. शहराच्या किती एकरांची राख झाली हे ज्या तक्त्यात भरले जाई, त्याच तक्त्यात किती विमाने गेली तेही भरले जाई. दोन्ही रकाने भरणाऱ्याला माणूस दिसत नव्हता. जो आपल्याच पोरांच्या सुटकेची झडप दोन वर्षे लांबवू शकतो, त्याच्याकडून परक्या शहरातल्या पोराची काळजी होईल, ही अपेक्षा कशी करायची? म्हणून मला हे दोन प्रश्न एकमेकांविरुद्ध उभे करावेसे वाटत नाहीत. बॉम्बर कमांडच्या धोरणाचा निषेध करणाऱ्यानेही विशीतल्या त्या तोफचीच्या पॅराशूटबद्दल विचारायला हवे.

पायदळातली माणसे याहून अधिक मेली, मग विमानवाल्यांचे वेगळे दुःख कशाला, असेही आपल्याकडे कोणी म्हणेल. एकूण संख्येत ते खरे आहे. पण पायदळातल्या माणसाला जमीन असते. तो आडवा पडू शकतो, मागे सरकू शकतो, जखमी झाला तर त्याला उचलून नेणारे असतात. आणि गेलाच, तर पुष्कळदा त्याचा देह किंवा त्याची बातमी तरी मागे राहते. ब्रिटनमध्ये रनीमीड इथे २० हजारांहून अधिक अशा वायुसैनिकांची नावे कोरली आहेत, ज्यांची कबर कुठेच नाही. आपल्याकडे १९७१ च्या युद्धातले ५४ भारतीय सैनिक आजही बेपत्ता मानले जातात. त्यांत वायुसैनिकांची संख्या मोठी आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे त्यांतले एक. ५ डिसेंबर १९७१ ला शोरकोटवर हल्ला करताना त्यांचे एकट्याचे सुखोई-७ पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या माजी राष्ट्रीय विजेत्या, त्यानंतर अनेक दशके सरकारदरबारी शोध घेत राहिल्या. २००७ मध्ये अशा काही कुटुंबांना पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले गेले. तिथे कोणी सापडले नाही. विमानातून माणूस जिवंत बाहेर पडला की नाही, एवढ्या एका गोष्टीचा निकाल न लागल्यामुळे एका घरात आयुष्यभर दार उघडे राहते. झडपेचा प्रश्न असा घरापर्यंत येतो.

कॅनबेरा ११ मे २००७ ला आग्र्याला निवृत्त झाले. पन्नास वर्षे त्याने सेवा दिली आणि त्याच्या शेवटच्या वैमानिकांना त्याचा लळा होता. लोहगावला २००२ पासून सुखोई-३० एमकेआय आहेत. त्यांतही दोन माणसे बसतात, एकामागे एक, आणि दोघांखालीही इजेक्शन सीट असते. विमान धावपट्टीवर उभे असतानाही ती माणसाला पॅराशूट उघडण्याइतके उंच फेकते, त्यामुळे उंचीची जुनी सबब आता उरलेली नाही. १३ डिसेंबर २०११ रोजी लोहगावहून उडालेले एक सुखोई पुण्याच्या पूर्वेला वाडेबोल्हाईच्या शिवारात कोसळले. विमान जळून गेले. दोघेही खाली उतरले, जिवंत.